पाथरीच्या पाल्याचा भरवसा

धारूरच्या डोंगरकडेला तुळजाबाईच्या नाकाला सगळं गाव टरकून असतं. लग्नातला चिवडा असो की दुकानातले शेंगदाणे, ही आधी वास घेणार आणि खवट निघालं की तोंडावर सांगणार. भीडभाड कसली ती तिला ठाऊकच नाही.

अशा बाईच्या नवऱ्याला, रामहरीला, गेल्या वर्षी हार्ट अटॅक आला. बीडला नेऊन रक्तवाहिनीत स्प्रिंग टाकली, माणूस वाचला. गावाजवळच्या डॉक्टर मंजुषाबाईंनी तिला समजेल असं सांगितलं. कोलेस्टेरॉलचे कण रक्तात फार झाले की वाहिनीच्या भिंतीत शिरतात आणि तिथं जुन्या तेलासारखे खवट होतात. भिंतीतल्या पेशी ते खाऊन फुगतात, मग वाट अडते. पालेभाज्या, आवळा यांतले अँटीऑक्सिडंट ते खवट होणं थोडंफार रोखतात. गोळी मात्र रोज घ्यायचीच.

तुळजाबाईनं खवट ऐकलं, पालेभाजी ऐकली, पुढचं कानाआड केलं. गोळी ज्याला घरी बघणारं कुणी नाही त्याच्यासाठी, असं म्हणून तिनं पाकीट फडताळात ढकललं. मग काय विचारता! सकाळी रानातून खुडून आणलेल्या पाथरीच्या भाजीचा कच्चा पाला, दुपारी करडईची भाजी, रात्री आवळ्याची चटणी. रामहरी बिचारा शेळीसारखा चघळायचा आणि वर लई झकास झालंय म्हणायचा.

पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉल चांगलंच चढलेलं निघालं. गोळ्या घेता ना, असं डॉक्टरबाईंनी विचारताच रामहरी पटकन म्हणाला, मीच विसरतो. तुळजाबाईचा चेहरा उतरला.

"खोटं बोलायलेत. गोळ्या मी बंद केल्या."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. भाजी चांगलीच, पण कणच इतके असल्यावर ती कुठवर पुरणार? गोळी ते कणच कमी करते, एवढं बोलून त्यांनी नवी चिठ्ठी दिली.

परतताना एसटीत तुळजाबाईला रडू आवरेना. "तुमाला ठाऊक होतं, मग कावून बोलला न्हाईत?"

"तू काट्याकुट्यातून पाला हुडकून आणायचीस," रामहरी म्हणाला. "नको कसं म्हणू?"

"जिवाला मुकला असतात की माझ्या मायेपायी."

गडी नुसता हसला. तिला त्याचा असा राग आला, आणि त्याच्यावर इतका जीव आला, की गाव येईस्तोवर तिनं त्याचा हात सोडला नाही.

आता ती रोज गोळी त्याच्या जिभेवर ठेवते, तोंड उघडायला लावून गिळल्याची खात्री करते, मगच ताट वाढते. ताटात पालेभाजी असतेच.