पंपाला झाकणभर

जिवनबाईच्या जिभेला हाड नव्हतं, आणि हट्टा गावातल्या लोकांना ती डोळ्यांसमोर नको होती. धरणावरची मासळी आणून ती वर्षानुवर्षं बाजारात कापून विकायची. मुंडकी, आतडी, खवले आणि फुकटही कुणी नेत नाही अशी बोटभर चिलापी, सगळं नाल्यात जायचं. तेव्हा कुणाला वास आला नाही. दोन वर्षांपूर्वी तिनं तेच गुळात मुरवून निळ्या ड्रममध्ये झाकून ठेवलं, महिन्यानं गाळून हळदीवर फवारायला विकू लागली, आणि मग गावाला नाकं फुटली.

सगळ्यात मोठं नाक उत्तमरावांचं. गळ्यात तुळशीची माळ, शिवारात सात एकर हळद.

"ड्रम हलव, न्हाईतर मी फोडतो."

"काहून हलवू? माझ्या अंगणात हायेत. तुमच्या देवघरात ठिवले का?"

उत्तमरावांनी प्रकरण ग्रामसभेत नेलं. जिवनबाई वरून कितीही भांडो, आतून हादरली होती. तिची बोटं संधिवातानं आखडत चालली होती, सुरी आता धरवत नव्हती. ड्रम गेले तर खायचं काय?

त्याच सुमारास उत्तमरावांचा सालगडी वैजनाथ एक कॅन भरून घेऊन गेला. म्हणाला, सासऱ्याच्या शेताला पाहिजे. तिनं बजावलं, "फवारणीच्या पंपाला झाकणभर. जास्त झालं तर पान जळतं." आठ दिवसांनी ती उत्तमरावांच्या बांधावरून गेली, तर हळदीची पानं कडेनं करपलेली. तिला सगळं कळलं. जन्मात पहिल्यांदा ती गप्प बसली.

ग्रामसभेत उत्तमराव गरजले, "ह्या वासानं लेकरं आजारी पडून राहिली! माळकऱ्यांचं गाव हाय हे!" माना डोलल्या. तिच्याकडून गुपचूप कॅन नेणाऱ्यांच्याही डोलल्या, मेल्यांच्या.

जिवनबाई उठली. "वासाचं जाऊ द्या. मी आज खरं सांगते. माझा माल पाणचट हाय. पंपाला तांब्याभर ओता, हळदीच्या पानाला काई होत न्हाई."

"काई होत न्हाई? ग्लासभरातच माझी जळली की!"

बोलून गेल्यावर उत्तमरावांचा हात आपोआप माळेकडे गेला. मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळी सभाच हसायला लागली. जिवनबाई मात्र हसली नाही.

"झाकणभर सांगितलं व्हतं, अण्णा," ती म्हणाली आणि खाली बसली.

ड्रम राहिले. उत्तमरावांनी तिला माफ केलं नाही आणि तिनंही त्यांना केलं नाही. आठवड्यानं वैजनाथ तोच कॅन घेऊन खालमानेनं दारात उभा राहिला.

"राहिलेल्या हळदीला पायजे. मालक म्हणले, या टायमाला बराबर झाकणभरच टाकू."

तिनं कॅन रिकामाच परत दिला.

"मालकाला म्हणावं, सोता या. दिवसाउजेडी, माळ घालून."