कोगानबाई म्हणतात

रविवारी दुपारी आमच्या दुकानात नेलिदाने जे केलं, ते मी गल्ल्यावरून पाहिलं. अजून विश्वास बसत नाही.

हे ताज्या पास्त्याचं दुकान. नेलिदा इथे रॅव्हिओली, म्हणजे पास्त्याच्या छोट्या करंज्या, भरते. उत्तरेतल्या चाकोहून ती ब्युनोस आयर्सला आली आणि रामिरोशी लग्न केलं. त्याच्याबरोबर घरात आणखी एक नाव आलं. कोगानबाई. त्याच्या समुपदेशक.

या शहरात याचं कुणाला नवल नाही. प्रत्येकाचा ठरलेला न्हावी, तशा प्रत्येकाच्या समुपदेशक. जेवताना आम्ही त्यांचे दाखले देतो. पडताळून कुणीच बघत नाही. रामिरो ऊठसूट द्यायचा. भांडी घासायची वेळ आली की, "कोगानबाई म्हणतात, मी स्वतःला शिक्षा करून घेतो." नेलिदाने मुलाचा विषय काढला की, "कोगानबाई म्हणतात, इतक्यात नको." शेवटी म्हणाला, "कोगानबाई म्हणतात, तू माझ्या गळ्यातली धोंड आहेस." आणि बॅग उचलून गेला.

रामिरोपेक्षा तिला त्या बाईंचा राग आला. कधी न पाहिलेल्या एका शिकलेल्या बाईने तिला धोंड ठरवलं होतं. तिचं मूल अडवलं होतं. नेलिदाने माहेरचं नाव सांगून त्यांची वेळ घेतली.

"तिथे काय करतात गं, काटकुळे?" तिने मला विचारलं. मी बारीक, म्हणून ती मला काटकुळी म्हणते.

"पहिल्या भेटीत नुसती ओळख. त्या विचारतील, काय झालं. तू बोलायचं. रडू आलं तर कागदी रुमाल असतात."

"रडायला कोण जातंय? मी तिचं घर उन्हात बांधायला जातेय."

परत आली तेव्हा तिचा चेहरा विचित्र होता. आम्ही मागच्या खोलीत माते, आमचा कडवट चहा, पीत बसलो. ती सांगू लागली.

कोगानबाई म्हाताऱ्या. पायांत लोकरीचे मोजे. समोरासमोर खुर्च्या. कोच होता, पण त्यावर झोपायला कुणी सांगितलं नाही. नेलिदाने बसल्या बसल्या तोफ डागली, "माझ्या नवऱ्याला तुम्ही सांगितलंत, मी धोंड आहे."

"माझ्याकडे कोण येतं, कोण येत नाही, ते मी कुणालाच सांगत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही आलात, हेही सांगणार नाही. धोंड म्हटल्यावर तुम्हाला काय वाटलं?"

"त्याचे सगळे कपडे जाळावेत, असं वाटलं. जाळू का?"

"जाळावेसे वाटतात?"

"मी तुम्हाला विचारतेय!"

बाईंनी मोजे वर ओढले.

"बरं, मग त्याच्या आईला फोन करून सगळं सांगू का?"

"सांगून काय होईल असं वाटतं?"

नेलिदाने माते खाली ठेवलं. "अगं, तासभर झगडले. त्या बाईच्या तोंडून एक 'कर' निघेना, एक 'नको' निघेना. निघताना दुसऱ्या समुपदेशक बाईंचा नंबर दिला. घ्यायचा तर घ्या, म्हणाल्या. बाहेर सांगणं नाही, सल्ला देणं नाही. ही बाई मला धोंड म्हणेल?"

मी इतकी वर्षं समुपदेशनाला जाते. माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"सगळं त्याचंच होतं," ती म्हणाली. "मूल नको, हेसुद्धा त्याचंच." मग हसली. ते हसू मला आवडलं नाही.

रविवारी रांग दारापर्यंत होती. रामिरो आला, सोबत मालेना, त्याची नवी मैत्रीण. त्याच्या आईला आमच्याच दुकानची रॅव्हिओली लागते, त्यामुळे त्याला यावंच लागतं.

"पालकाची देऊ की भोपळ्याची?" नेलिदाने गोड आवाजात विचारलं.

"भोपळ्याची," मालेना म्हणाली.

"पालकाची," रामिरो म्हणाला. "कोगानबाई म्हणतात, मी दरवेळी दुसऱ्यांच्या मनासारखं करतो."

नेलिदाने हात पुसले. "कधी म्हणाल्या? मी त्यांच्यासमोर बसून आले, रामिरो. कपडे जाळू का विचारलं, तर त्याचंही उत्तर देत नाहीत. आणि तुला जेवणात काय घ्यायचं ते सांगतात?"

रांगेतल्या माना वळल्या. मग एक आजोबा म्हणाले, "माझ्या बाई तर 'आज इथेच थांबू' एवढंच बोलतात."

"माझ्या तेवढंही नाही! घड्याळाकडे बघतात!" मागून कुणी ओरडलं. रांग खदखदून हसली.

रामिरो लाल झाला. "ते... मी त्याचा अर्थ लावला."

मालेना हसत नव्हती. "रामिरो, आपण इतक्यात एकत्र राहू नये, हे कोण म्हणालं होतं?"

तो पालकाच्या रॅव्हिओलीकडे बघू लागला. मालेना रांगेतून बाहेर पडली, दारातून गेली. तो तिच्यामागे निघाला.

"थांब," नेलिदा म्हणाली. "आईला रिकाम्या हाती भेटतोस काय?" तिने पालकाची रॅव्हिओली बांधली. दोरी अगदी सावकाश गुंडाळली, गाठीवर गाठ मारली. तो सगळ्या रांगेसमोर उभा होता. मग डबा पुढे केला.

"पुढे कोण?"

नेलिदा आता त्या दुसऱ्या बाईंकडे जाते.

"सूड तर झाला," मी म्हटलं. "आता तिथे काय बोलतेस?"

"त्याचं तोंड कसं झालं होतं, ते. आज परत सांगितलं."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? म्हणाल्या, सांगा पुढे." तिने पीठ ओट्यावर आपटलं. "सांगणार आहे. मुलाचा विषय तर अजून काढलेलाच नाही."