पडद्याच्या दोन्ही बाजूंना शिकवणाऱ्या नलिनीबाई

आदरणीय प्रा. नलिनीबाईंचे प्रथम दर्शन मला भिंतीवरील पडद्यावर घडले. शिरपूर तालुक्यातील आमच्या लहानशा महाविद्यालयात त्या वेळी जळगाव आणि धुळे येथील महाविद्यालयांबरोबर संख्याशास्त्राचा संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम नुकताच सुरू झाला होता. बाई जळगावहून शिकवीत आणि आमची मुले येथे बसून ऐकत. मी तेथे गेलो होतो तो माझी नात जयश्री हिचे नाव काढून घेण्याकरिता. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंतचे आहे; परंतु मला शिकवणारे गुरुजी वर्गात उभे असत. टीव्हीवरून मिळालेली पदवी ही पदवी नव्हे, असे माझे मत होते. तथापि प्राचार्यांना तसे सांगण्यापूर्वी स्वतः पाहावे, म्हणून मी शेवटच्या बाकावर बसलो.

बाईंच्या दृष्टीस माझी टोपी पडली. "मागे बसलेले आबा कोण? आपलं नाव काय?"

मी जयश्रीला म्हणालो, "मी टीव्हीसंगे बोलत नही."

"आबा, त्यासले बठ्ठं ऐकू येस," ती पुटपुटली. वर्ग हसला. मग तिनेच उठून सांगितले, "मॅडम, हे माझे आजोबा. माझं नाव काढायला आलेत."

बाई हसल्या नाहीत. "आबांना म्हणावं, शनिवारपर्यंत थांबा. मी येते."

त्या शनिवारी बाई चोपड्यामार्गे एस.टी.ने खरोखरच आल्या. महाविद्यालयात न जाता प्रथम आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आबा, आते तरी बोलशात ना?" जळगावच्या विदुषीच्या तोंडी आमची बोली ऐकून माझी आजारी सूनही उठून आतून भरीत-भाकरी घेऊन आली. बाईंनी ठेचा मागून घेतला.

मी माझे म्हणणे मांडले. माझी अपेक्षा अशी की, बाई ते खोडून काढतील. त्या म्हणाल्या, "तुमचं खोटं नाही. पडद्यावर मला मुलांचे चेहरे दिसतात, वह्या दिसत नाहीत. हात कुठे अडला ते कळत नाही. शिवाय मी इथे पडद्यावर दिसत राहिले, तर या महाविद्यालयाला स्वतःचा प्राध्यापक नेमायची गरजच वाटणार नाही, ही मला भीती आहे."

"मग चालवता कशाला?" मी विचारले.

"तिन्ही ठिकाणी मुलं मोजकी. वेगवेगळं चालवायचं म्हटलं तर कुठेच चालणार नाही. जयश्रीला जळगावच्या वसतिगृहात पाठवता का?"

ते शक्य नव्हते. माझी सून, म्हणजे जयश्रीची आई, आजारी असे. घरचे सारे जयश्रीच पाही. मी नाव काढले असते, तर तिचे शिक्षण त्या दिवशी संपले असते, आणि ते संपविणारा मी ठरलो असतो. मी नाव काढण्याचा विचार सोडला.

दुपारी बाई वर्गात गेल्या आणि जयश्रीच्या शेजारी बाकावर बसल्या. तेव्हा उघडकीस आले की, ती पडद्यासमोर समजल्यासारखी नुसती मान हलवीत असे. अडली होती ती अगदी सुरुवातीच्या पायरीवर. बाई तिच्यावर रागावल्या नाहीत. "पडद्यावर सगळेच मान हलवतात," एवढेच म्हणाल्या.

त्यानंतर बाईंनी एक रीत घालून घेतली. दर महिन्यास एक आठवडा त्या आमच्या खोलीतून शिकवीत. त्या आठवड्यात त्यांचे जळगावचे विद्यार्थी पडद्यासमोर बसत. प्रथमच आवाज तुटला तेव्हा ते कुरकुरले, "मॅडम, काहीच कळत नाहीये." बाई उत्तरल्या, "शिरपूरवाले रोज असंच ऐकतात. ते विचारतात, तसं तुम्हीही विचारा." हे सांगताना जयश्री किती वेळ हसत होती.

जयश्रीने पदव्युत्तर पदवी मिळविली, आणि आज ती त्याच खोलीत शिकविते. मात्र तिची नेमणूक तासिका तत्त्वावर आहे. कायम जागा अद्यापि भरली गेलेली नाही. बाईंची भीती खरी ठरली. बाईंच्या या गौरवग्रंथात असे लिहू नये, असे कोणी म्हणेल. बाई म्हणणार नाहीत. त्या जागेसाठी निवृत्तीपर्यंत प्रत्येक बैठकीत बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

आता बाई पंचाहत्तरीत प्रवेश करीत आहेत. डॉक्टरांनी त्यांना लांबचा प्रवास वर्ज्य केला आहे आणि माझे गुडघे मला एस.टी.ची पायरी चढू देत नाहीत. म्हणून जळगावच्या सत्कार समारंभासाठी संयोजकांनी आमची व्यवस्था शिरपूरच्या त्याच खोलीत, पडद्यासमोर केली आहे. बाईंना दीर्घ आयुष्य लाभो, त्यांचे पाय बळकट होवोत आणि आमच्या ओट्यावर त्या पुन्हा ठेचा मागोत, अशी माझी, सुनेची व जयश्रीची मनापासूनची इच्छा आहे.

टीव्हीशी बोलू नये, हे माझे मत आजही कायम आहे. परंतु समारंभाच्या दिवशी मी शेवटच्या बाकावर टोपी घालून बसेन. बाईंनी पडद्यावरून पुन्हा माझे नाव विचारावे. मी उभा राहून सांगेन.