सतरा नंबरची हाक

दुसऱ्याचा कोड वाचायचं काम करणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साचतात. घरी सांगावेत तर कोणाला कळत नाहीत, ऑफिसात सांगावेत तर सगळे तिथे हजरच होते! मग ते पडून राहतात, आणि एखाद्या दिवशी जेवता जेवता आठवतात. भर दुपारी अंगावर काटा येतो.

आमचं ऑफिस यवतमाळात, बी-बियाण्याच्या दुकानाच्या वर. आम्ही वाघाची डबी बनवतो. जंगलाला लागून असलेल्या वावरात खांबावर ती बसते. वाघ दिसला की ती गावातल्या मशीनला कळवते, मशीन हुकूम देतं, आणि डबीतला भोंगा वाजतो. डबीत नवीन फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतला प्रोग्राम, घालणारा आणि डबी खरी की खोटी हे ओळखणारा मशीनमधला प्रोग्राम, म्हणजे कर्नेल ड्रायव्हर, सुनीता राठोड लिहिते. तो ओळ न् ओळ वाचून पास करायचा, हे माझं काम. डबी खांबावर चढवतात वानखडे काका.

*

आमच्याकडे रिव्ह्यू मोठ्याने होतो. सुनीता ओळ वाचते आणि मी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न टाकतो, "आन् तसं नसन तं?" पोरीनं माझं नावच 'नसनतं सर' ठेवलंय!

एकदा ती वाचत होती. डबीला तीनदा विचारायचं, तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तर मेली समजायचं.

"तीनदाच काहून?" मी विचारलं.

उत्तर दिलं वानखडे काकांनी, खाली बसून वायर सोलता सोलता. "माही आजी म्हने, जंगलाच्या कडंले कोणी आवाज देल्ला तं पहिल्या आवाजाले ओ नाई द्याची. दुसऱ्याले नाई द्याची. तिसऱ्यांदा आला तं माणूस समजा. त्याले तीनदा आवाज देता येत नाई."

"कोणाले?"

"ते आजीनं सांगतलं नाई!"

सुनीता हसली नाही. म्हणाली, "आमच्या तांड्यातबी असंच हाय, सर."

मी ती ओळ पास केली.

*

सुरुवातीला डबीत भोंग्याच्या आधी बोलणंही होतं. "वाघ आला, मागं फिरा!" आवाज सुनीताचा, ऑफिसच्या जिन्यात रेकॉर्ड केलेला, त्यामुळे जरा घुमणारा.

झरी जामणीकडे कोलामांच्या एका वस्तीवर आम्ही डबी लावली आणि चाचणीला तो आवाज वाजवला. एक म्हातारबाबा उठून खांबाजवळ आले. "त्याचं नाव कायले घेता? नाव घेतलं का त्याले वाटते, बलावलं."

मला हसू आलं. तिसऱ्या दिवशी काका तिथे गेले आणि फोटो पाठवला. खांबाभोवती ओल्या मातीत पंजे उमटले होते, गोल, एकाच ठिकाणी फिरून फिरून. वस्तीकडे एकही गेलेला नव्हता.

आम्ही मुकाट्याने बोलणं काढून टाकलं. नवीन फर्मवेअरमध्ये नुसता भोंगा. एकदा नवीन चढलं की ड्रायव्हर चिपमधला एक फ्यूज जाळतो, मग जुनं परत घालता येत नाही, आम्हालाही नाही. सगळ्या डब्यांनी सुनीताचा आवाज सोडला, एक सोडून. राळेगावकडची सतरा नंबर. तीनदा पाठवलं, तीनदा तिनं घेतलं नाही.

"तुह्यावर जीव जडला तिचा," काका सुनीताला म्हणाले.

*

परतीच्या पावसात सतरा नंबरवर वीज पडली. काकांनी डबी उतरवली, जळकी बॅटरी काढून फेकली आणि उरलेला कोळसा माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. मशीनच्या यादीत आम्ही तिला बाद केलं.

चौथ्या दिवशी सकाळी स्क्रीनवर ओळ आली. 'डबी सतरा, हजर. सही बरोबर.'

आता ही सही म्हणजे काय, ते सांगतो. प्रत्येक डबीच्या चिपमध्ये एक गुप्त किल्ली असते. ती बाहेर काढता येत नाही आणि तिच्याशिवाय ही सही होत नाही. म्हणजे सही करणारी माझ्या खणात पडलेली होती!

"जुना निरोप अडकला असन कुठं," मी म्हणालो.

मशीन दरवेळी नवा आकडा देतं आणि डबी त्या आकड्यावर सही करते. सुनीतानं आकडा ताडून पाहिला, दोनदा. मग हळूच म्हणाली, "सर, आकडा आजचा हाय."

मी घाबरलो. घाबरलेला रिव्ह्यूअर जे करतो तेच मी केलं, शेरा लिहिला. 'बाद केलेल्या डबीचा निरोप, सही बरोबर असली तरी, नाकारावा.'

*

त्या शेऱ्यावर सुनीता पहिल्यांदा माझ्याशी भांडली.

"बाद केली म्हणून खोटंच बोलन का ते?"

"आन् खोटं बोलली तं?"

"आन् खरं बोलली तं, सर?"

माझाच प्रश्न माझ्याच गळ्यात! मग तिनं खरी गोष्ट सांगितली. त्या रिकाम्या खांबाच्या वावरात तिची याडी, म्हणजे आई, कापूस वेचायला जाते. नवी डबी तयार होती, पण तिला ओळखणारा नवा ड्रायव्हर पास झाल्याशिवाय ती चढवता येत नव्हती, आणि तो मी तीन दिवस अडवून बसलो होतो.

"तुमचा रिव्ह्यू होतवर खांब रिकामाच राह्यते. बाया तं रोज जाऊन राह्यल्या."

मला लाज वाटली. तरी शेरा मागे घेतला नाही, स्वभावाला औषध नाही. तिनं तोंड पाडून ती ओळ लिहिली आणि मी त्याच दिवशी पास केलं. शनिवारी ड्रायव्हर गावातल्या मशीनवर चढला. नवी डबी मंगळवारी लागणार होती.

*

सोमवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. स्क्रीनवर लाल ओळ आली.

'डबी सतरा: वाघ. बाद डबी, निरोप नाकारला.'

तेवढ्यात दुसरी ओळ, तीच. मग तिसरी. तिन्ही निरोपांवरची सही बरोबर होती, आणि तिन्ही माझ्या त्या एका ओळीनं नाकारले होते.

मी खण ओढला. डबी तिथेच होती, काळी, बॅटरीशिवाय.

सुनीता याडीला फोन लावत होती. रिंग जात होती, कोणी उचलत नव्हतं. काका जिना उतरून गाडी काढायला धावले. मी नुसता बसून राहिलो. त्या दहा मिनिटांत मी स्वतःला जितक्या शिव्या घातल्या, तितक्या जन्मात कोणी मला घातल्या नसतील.

मग याडीचाच फोन आला. सुनीतानं स्पीकर लावला. आम्ही ऐकतोय हे कळल्यावर याडी घरची बंजारा बोली सोडून वऱ्हाडीत बोलायला लागली.

"सुखरूप हावो वं माय, साऱ्याजणी! पऱ्हाटीतून निंघाला, आम्ही भाकर खाऊन राह्यलो होतो तिथूनच. पण तवा आम्ही पार सडकेवर आल्तो."

"तुमाले समजलं कसं, याडी?" सुनीतानं विचारलं.

"आता हे कायले इचारतं? तूच तं आवाज देल्ला, खांबाकून. पहिल्यांदा देल्ला, म्या ओ नाई देल्ली. दुसऱ्यांदा देल्ला, नाई देल्ली. तिसऱ्यांदा देल्ला, तवा साऱ्याईले उठवलं. मंग खांबाजोळ तुले पाह्यलं, तं तू नाई. कुठं गेल्ती वं?"