इंजिनातलं म्हशीचं दूध

माझी फजिती सांगते, पण सांगून होईस्तवर कुणी हसायचं नाही. हसणाऱ्याचा चहा मी काढून घेईन.

तेव्हा आम्ही लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली होती. कामशेतच्या बाजूचं दूध गोळा करायचं आणि लोणावळ्याच्या हॉटेलांना घालायचं, हा माझा धंदा. गाडीवर किसन. गडी सरळ, पण इतका शांत की शेजारी बसलं की माझ्या अंगाला मुंग्या यायच्या.

वलवणच्या अलीकडं जीप तापली. बॉनेटमधून वाफ निघाली, भात उतू जावा तशी. किसननं रेडिएटरचं टोपण काढलं, डबा घेऊन गेला, लांबून पाणी आणलं, खाली ठेवलं आणि बिडी पेटवली.

"घाल की आता."

"मावशी, जरा गार होऊ द्या तिला."

"गार करायलाच आणलंस ना पानी?"

"येकदम गार पानी सोसत न्हाई इंजनाला."

"आन् ऊन माझ्या दुधाला सोसतंय व्हय रे?"

मी गाडीभोवती फेऱ्या मारल्या, कॅनवरची पोती सारखी केली, पुन्हा फेऱ्या मारल्या. ह्याची बिडी काही संपेना. मग पदर खोचला आणि डबा रेडिएटरात उपडा केला. आतून टण्ण असा आवाज आला. मी म्हटलं, बघ, जीव आला तिच्यात.

गाडी सुरू झाली, पण पांढरा धूर सोडत. लोणावळ्यात पोचली ती धापा टाकत. दूध उतरवलं आणि ढकलत ढकलत तिला हॉटेलाशेजारच्या मिस्त्रीकडं नेलं. हॉटेलचे शेटही कप हातात घेऊन बघायला आले.

मिस्त्रीनं तेल बघायची सळई ओढली. इंजिनाचं तेल काळं असतं, हे मलाही ठाऊक. सळईवर काय होतं? चहा. चांगला दाट, दुधाचा.

माझं डोकंच फिरलं. पाणी लांब, म्हणून ह्यानं गाडीच्या मागच्या मागं माझ्या कॅनमधूनच डबा भरला!

"किसन्या, इंजनाला दूध पाजलंस?"

"मावशी, गाडीला दूध कोन पाजतं?"

"आळशी मानूस पाजतो. पान्याला तू गेलाच न्हाईस."

मिस्त्री म्हणाला, "अवो मावशी, हे दूध न्हाई..."

"मला शिकवू नका. दुधात जलम गेला माझा."

सळईवरचा थेंब मी अंगठ्याच्या नखावर घेतला. दूध असंच बघतात. पाणी घातलेलं असलं तर थेंब ओघळतो, चांगलं असलं तर जागचा हलत नाही. हा हलला नाही. हात उंच करून मी सगळ्यांना दाखवला.

"म्हशीचं. थेंबभर पानी न्हाई ह्यात."

आणि किसनला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. त्यानं टॉवेल झटकला आणि स्टेशनची वाट धरली.

मिस्त्रीनं इंजिन खोललं. "हेडला, इंजनाच्या वरच्या झाकनाला, चीर गेलीया. पानी तेलात उतरलं, घुसळलं, म्हणून हा रंग. तापल्या इंजनात गार पानी कुणी वतलं?"

"किसननं आणलेलं."

"आणलं कुणी ते न्हाई इचारलं. वतलं कुणी?"

"मी."

"मग वतताना दिसलं न्हाई, दूध हाय का पानी?"

शेटनी कप उजेडाला धरला. "मावशी, आमचं दूध ह्याच नखानं बघता काय हो?"

मी स्टेशनकडं पळाले. किसन बाकावर बसला होता. बिडी ओढत.

"चल."

"काढलंय न्हवं मला?"

"पानीच हुतं ते."

"मला ठावं हाय. मीच आणलं हुतं."

आला बिचारा. हेडचं काम झालं, जीप पुन्हा चालू लागली, आणि पहिल्यासारखी तापूही लागली. पण आता ती तापली की किसन डबा माझ्या हातात द्यायचा आणि पार लांबच्या विहिरीवर धाडायचा. मी परत येईस्तवर त्याची बिडी संपलेली असायची आणि इंजिनही गार झालेलं. एकदा मी भांडले. म्हटलं, "हा वढा शेजारून व्हातोय, ह्याचं पानी का नको?"

किसन म्हणाला, "वढा लय जवळ हाय, मावशी."