कोऱ्या कागदाखालची सही

"कितनी बार गवाही दी है आज तक?" वकिलानं विचारलं.

आमच्याकडे कोर्ट हिंदीत चालतं. माझा बाप साक्षीच्या कटघऱ्यात उभा. धुतलेला सदरा, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. त्याला वाटलं, आपली किती सेवा झाली ते विचारताहेत. छाती काढून म्हणाला, "लई वेळा, साहेब. थाना घरासमोरच हाय ना. साहेब लोक मलेच बलावते."

कोर्ट हसलं. पट्टेवाला हसला. मागच्या बाकावर आपल्या पेशीची, नावाच्या पुकाऱ्याची वाट बघत बसलेली माणसंही हसली. वकील जजसाहेबांकडे वळला. "सुन लीजिए हुज़ूर. ये गवाह नहीं, थाने का पायदान है. जो आता है, पैर पोंछ के जाता है."

बापही हसला. सगळे हसताहेत म्हणून.

मी दहावीत होते. त्यानंच मला नेलं होतं, शाळा बुडवून. "चाल, तुले दाखवतो बाप कोर्टात कसा बोलतो ते."

वकील खरं बोलत होता. हेच जास्त लागलं.

पोलिसांनी कुठे काही जप्त केलं, की दोन बाहेरची माणसं पंच म्हणून तिथं हवीत. त्यांनी डोळ्यांनी बघायचं, मग कागदावर सही करायची. म्हणजे पोलिसांना मनाचं लिहिता येऊ नये. कायदा असा आहे. पण पंच व्हायला कोण येतो? दुकानदार येत नाही. शेठला कोणी विचारत नाही. आमचं टिनाचं घर पोलीस थान्यासमोर, सरकारी जागेवर. बाप पॉवरलूमवर. कामाला जाताना, कामावरून येताना बोलावणं यायचं. कागद कोरा असायचा. खाली सही करायची. वरचं नंतर भरलं जायचं.

सही तरी कुठून आली? थान्यातल्या हवालदारांनीच, हेडसाहेबांनी शिकवली. अंगठा कोर्टात बरा दिसत नाही म्हणून. बापाला बसची पाटी वाचता येत नाही. फक्त आपलं नाव लिहिता येतं. आधी तो एक सरळ रेघ ओढतो, मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगतो. दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. लहानपणी मी पाटीवर ती सही गिरवायची. माझ्या बापाला लिहिता येतं, याचा मला केवढा अभिमान.

आमच्या घरात बी.ए. झालेली पहिली मी. हे मी सांगते, लाजत नाही. पुढे वकिलीला नाव घातलं. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर लिहिलं, कायदा म्हणजे काय. नियम हवा. त्याच्यामागे सत्ता हवी. मोडणाऱ्याला शिक्षा हवी. आणि तो सगळ्यांना सारखा हवा. पाठ करा म्हणाले, परीक्षेला येतं. आलं. मी छान लिहिलं. कोऱ्या कागदाचं लिहिलं नाही. त्याला मार्क नसतात.

मग रतनचं झालं.

रतन आमच्या गल्लीतला. दापोरा गावाकडच्या एका शेठच्या बागेत केळीचे घड खांद्यावर वाहून गाड्या भरायचा. शेठच्या पोरानं आईवरून शिवी दिली. रतन सगळ्यांसमोर म्हणाला, "शिवी नको देऊ. काम करतो, भीक नाही मागत." तीन दिवसांनी शेठच्या विहिरीच्या मोटारीची केबल चोरीला गेली. रतनला उचललं.

रविवारी सकाळी बापाला बोलावणं. मी सोबत गेले. शेठ खुर्चीत, हातात चहाचा ग्लास. आम्ही उभे. हेडसाहेबांनी जप्तीचा कागद पुढे सरकवला. कोरा. बापानं खिशातलं पेन काढलं. मी कागदावर पंजा ठेवला.

"आधी भरा," मी म्हणाले. "काय सापडलं, कुठं सापडलं, लिहा. मी यांना वाचून दाखवते. मग सही करायची का नाही ते बघतील."

"वकील बन गई क्या?"

"बनतेय."

हेडसाहेब चिडले नाहीत. आरामात म्हणाले, "तेरे बाप को नाम लिखना हमने सिखाया है. तेरे कॉलेज ने नहीं."

एवढी पुस्तकं वाचली, बापाला दुसरं एक अक्षर शिकवलं नव्हतं मी.

शेठनं माझ्याकडे बघितलंही नाही. बापाला म्हणाला, "पोरीला शिकवलंस ना? आता घर कुठं बांधायचं ते पण तिलाच विचार."

बापाचा हात धरून मी त्याला बाहेर आणलं. सही झाली नाही. ताठ मानेनं घरी आले. वीस पावलं.

दोन महिन्यांनी रतनची बायको कोर्टाच्या कागदांचा गठ्ठा घेऊन आली. जमानत द्यायला कोणी नाही, रतन आतच होता. गल्लीत वाचणारी मीच. "वाच ना व बाई, काय लिव्हलंय." मी वाचलं. त्याच रविवारी, दुपारी चार वाजता, रतनच्या घरातून केबल जप्त. पंचांसमक्ष. चार वाजता माझा बाप घरात झोपला होता. मी शेजारी बसून अभ्यास करत होते.

खाली आधी सरळ रेघ. रेघेखाली टांगलेली अक्षरं.

"कोणाची सही हाय?" तिनं विचारलं.

मी नाव वाचलं. मोठ्यानं. बाप तिथंच चहा पीत होता. तिनं कागद गोळा केले, फडक्यात बांधले, गेली. परत आमच्या दाराशी आली नाही.

"सही नसती केली, तं घर पाडलं असतं," बाप म्हणाला.

"अन् रतनचं घर?"

त्यानं कप फिरवला.

पुढच्या महिन्यात पेशी आहे. बाप परत धुतलेला सदरा घालेल. रतनला सरकारी मदतीतून मिळालेल्या वकिलानं अजून कागद उघडलेले नाहीत. त्याला मी एक पान लिहून दिलंय. बाप ज्या ज्या केसमध्ये पंच होता, त्यातल्या मला सापडल्या तेवढ्या सगळ्या. सगळ्यात वर पहिला प्रश्न लिहिलाय: आजवर किती वेळा गवाही दिली?

बचावाच्या साक्षीदारांत माझं नाव दिलंय. कोरा कागद मी बघितलाय. शपथेवर सांगणार. माझ्या बापासमोर, हेडसाहेबांसमोर.

सर म्हणतात, टिकणार नाही. मुलीचा शब्द एका बाजूला आणि थान्याचे शिक्के एका बाजूला. रतनला बहुतेक शिक्षा होईल. आमचं घरही जाईल. कोर्ट परत हसेल, आणि बाप त्यांच्यासोबत हसेल. मला सगळं माहीत आहे.

साक्षीच्या अर्जाखाली मी सही केली आहे. वरचं सगळं दोनदा वाचून.