चार शिंगांचा राऊटर

आपण जन्मात कुणावर जळलो नाही, असं धुळाप्पा वाघमोडेंना प्रामाणिकपणे वाटायचं. अक्कलकोटच्या अंगाला मेंढरं राखण्यात उमर गेली. दुसऱ्याच्या कळपाला जास्त कोकरं झाली, दुसऱ्याच्या शिवारात आधी पाऊस पडला, तरी त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. मग गुडघे धरायला लागले, बायको केराबाई वारली, आणि मेंढरं विकून ते सोलापुरात मुलाकडं आले. मुलगा बिरुदेव टॉवेलच्या कारखान्यात होता, सून विजयमाला शाळेचे गणवेश शिवायच्या युनिटमध्ये जायची. शहरातून कुंभारीकडं जाताना जी नवी वस्ती लागते, तिथं त्यांचं तीन खोल्यांचं घर होतं. सकाळी डबे घेऊन दोघं बाहेर पडली की घरात धुळाप्पा आणि नात आरोही.

आरोही त्यांची जिवाभावाची होती. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी सोप्यात, पुढच्या खोलीत, आज्जाच्या बाजेवर बसायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. कुणाला मार बसला, कुणी डबा सांडला, बाई काय म्हणाल्या. धुळाप्पांना त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण ते हुंकार भरायचे. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा थेंब घालायचं काम तिनंच घेतलं होतं. "वर बघ. हलू नको. लहान पोरावाणी करतोस की," असं दटावत ती थेंब घालायची. डोळा बरा झाल्यावरही चार दिवस त्यांनी खुपतंय म्हणून सांगितलं होतं.

ती बारावीत गेली आणि हे सगळं बदललं. तिला फार्मसीला जायचं होतं. त्याच्या प्रवेश परीक्षेचे वर्ग मोबाईलवर चालायचे आणि मोबाईलचं नेट धड यायचं नाही, आलं तरी दुपारीच संपायचं. शेजारी आबासाहेब गुंड राहायचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांची बायको नातवाला सांभाळायला पुण्याला गेली होती. एकदा आरोही गच्चीवर मोबाईल उंच धरून उभी असलेली त्यांनी बघितली आणि कुंपणावरूनच म्हणाले, "अगं, माझ्या घरात वायफाय आहे आणि वापरणारा मी एकटा. येऊन बसत जा की."

ती जाऊन बसायला लागली. आधी तासभर, मग दुपारपासून दिवेलागणीपर्यंत.

घरी आली की जेवताना एकच सुरू. "आबा म्हणत होते, रसायनाचा पेपर आधी सोडवायचा. आबा म्हणत होते, रोज ताक प्यायचं. आबांना इंग्रजी लई चांगलं येतं." धुळाप्पा नुसती भाकरी मोडत राहायचे. मला 'तू' आणि त्यांना 'तुम्ही', हेही त्यांच्या डोक्यात फिरायचं. ही पोरगी मायेनं 'तू' म्हणते, हे त्यांना कळत होतं. पण 'तुम्ही'चा मान आपल्याला नाही, एवढंच मनाला लागायचं.

एका संध्याकाळी ते तिला बोलवायला गेले. दार उघडंच होतं. आबासाहेब खुर्चीत मान मागं टाकून बसले होते आणि आरोही त्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत होती. "आबा, हलू नका हं," ती म्हणाली. आणि हसली.

धुळाप्पा दारातूनच माघारी फिरले. विजयमालानं विचारलं, "मामा, आरोही कुटं हाय?"

"हाय तितंच. तिला आता दुसरा आज्जा गावलाय."

त्या रात्री त्यांनी बिरुदेवला फर्मावलं, "आपल्या घरात वायफाय घ्यायचं. उद्याच्या उद्या." बिरुदेवला आनंदच झाला. त्यानं चौकशी केली. वस्तीत लाइन देणारा माणूस म्हणाला, "लाइन आम्ही घरात आणून देतो. पण वायफाय घरभर पसरवणारा राऊटर तुमचा तुम्ही घ्या, म्हणजे मनासारखा मिळंल." बिरुदेवला सुट्टी नव्हती. धुळाप्पा म्हणाले, "मी आणतो."

सात रस्त्याजवळ राऊटर विकणाऱ्या एका दुकानात सिद्धेश्वरी नावाची बाई बसायची. म्हातारा अक्कलकोटकडचा आहे हे ऐकून ती कानडीत बोलायला लागली, तेव्हा धुळाप्पांना धीर आला. तिनं विचारलं, खोल्या किती, भिंती कसल्या, घरात मोबाईल किती, घेतलेली लाइन किती वेगाची? खोल्या, भिंती आणि मोबाईल त्यांनी सांगितले. मधली भिंत दगडी आहे हेही सांगितलं. वेगाचं बिरुदेवनं कागदावर लिहून दिलं होतं, ते पुढं केलं.

"मग अज्जा, हा दोन अँटेनांचा पुरे," सिद्धेश्वरीनं एक खोकं काढलं. "यात दोन तऱ्हेचे सिग्नल येतात. एक सावकाश चालतो, पण भिंतीपलीकडं पोचतो. दुसरा लई वेगानं पळतो, पण दगडी भिंत आली की दमतो. पोरीला अभ्यासाला दोन्ही उपयोगी."

धुळाप्पांनी खोक्यावरचं चित्र निरखलं. आबासाहेबांच्या टीव्हीशेजारचा राऊटर त्यांनी बघून ठेवला होता. त्यालाही दोनच होत्या.

"ह्याला शिंगं दोनच. जास्त शिंगांचा न्हाय का?"

"आहे की, चारचा. पण तुमची लाइन जेवढी, तेवढाच वेग मिळणार. अँटेना वाढवून लाइन वाढत नाही."

"राहू द्या. चारचाच द्या."

"घर मोठं आहे का?"

"घर न्हाय," धुळाप्पा म्हणाले. "शेजारी मोठा हाय."

सिद्धेश्वरीला त्याचा अर्थ लागला नाही. तिनं चारचा बांधून दिला.

लाइन बसवणाऱ्यानं राऊटर मधल्या खोलीत, कपाटाच्या माथ्यावर ठेवला. घरातल्या कोपऱ्याकोपऱ्यात नेट पोचलं, अगदी दगडी भिंतीमागच्या खोलीतही. आरोहीनं आज्जाच्या गळ्याला मिठी मारली. संध्याकाळी आबासाहेब कुंपणापाशी आले. "आरोही आली नाही आज?"

"न्हाय," धुळाप्पा म्हणाले. "आता आमच्यात हाय वायफाय. चार शिंगांचं हाय." त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

पण आठवडा सरला आणि त्यांच्या ध्यानात आलं की आरोही घरात असूनही घरात नाही. कॉलेजातून आली की मागच्या खोलीत जायची, दार लावायची, कानात वायर घालायची. जेवायला बाहेर यायची, पुन्हा आत. आबांच्या घरून यायची तेव्हा निदान आबांचं तरी बोलायची. आता तेही नाही. सोप्यात बाजेवर बसून धुळाप्पा त्या बंद दाराकडं बघत राहायचे. आता त्यांचा राग त्या दारावर होता.

ते पुन्हा सात रस्त्याला गेले. सिद्धेश्वरीला म्हणाले, "ह्याची ताकद लई हाय. कमी कशी करायची?"

ती हसायला लागली. "अज्जा, लोक रेंज मिळत नाही म्हणून येतात."

"मला नुस्ती सोप्यापुरती पायजे."

ती सहज बोलून गेली, "लोखंडी कपाटाच्या आड जमिनीवर ठेवला की मागं काही पोचत नाही. म्हणून तर आम्ही सांगतो, तसा ठेवू नका."

धुळाप्पांनी घरी जाऊन नेमकं तेच केलं. राऊटरची वायर सोप्यापर्यंत पुरत होती. सोप्यातल्या लोखंडी कपाटाच्या पुढं, आपल्या बाजेच्या पायथ्याशी त्यांनी तो ठेवला, म्हणजे मागच्या खोलीच्या वाटेत कपाट आलं. बिरुदेवला सांगितलं, "वर लई तापत होता."

संध्याकाळी आरोही मोबाईल घेऊन बाहेर आली. "आज्जा, आत रेंज येईना."

"हितं येती की. बस हितं."

तिनं क्षणभर राऊटरकडं बघितलं, मग आज्जाकडं. वही घेऊन आली आणि बाजेच्या कडेला बसली. धुळाप्पांना वाटलं, जुने दिवस आले. ते मधूनमधून विचारायचे, "काय शिकवत्यात? हे कसलं चित्र?" ती कानातली वायर काढून सांगायची आणि पुन्हा घालायची. गल्लीतून गाड्या जायच्या, भाजीवाला ओरडायचा, कुणी ना कुणी धुळाप्पांशी बोलायला यायचं. तिचं तोंड बारीक होत चाललेलं त्यांना दिसलं नाही.

रविवारी तिची सराव परीक्षा होती, ठरलेल्या वेळेत मोबाईलवरच द्यायची. विजयमाला कपडे वाळत घालत होती, बिरुदेव बाजारात गेला होता. सोप्यात गावाकडचे दोन पाहुणे येऊन टेकले आणि धुळाप्पांशी मेंढरांच्या भावावर मोठमोठ्यानं बोलायला लागले. आरोही चालू पेपरातूनच मोबाईल घेऊन उठली आणि मागच्या खोलीत गेली. थोड्या वेळानं ती बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय झालं गं?" विजयमालानं विचारलं.

"नेट मधीच तुटलं. पेपर बंद झाला." एवढं बोलून तिनं चपला पायात सरकवल्या आणि ती आबासाहेबांच्या घरात गेली.

पाहुणे गेल्यावर धुळाप्पा उठले. आधी त्यांना वाटलं, आपल्याला रागच आलाय. रडायचं झालं तरी तिला तेच घर आठवावं? कुंपण ओलांडताना मात्र आठवलं, राऊटर खाली आपणच ठेवलाय. आबासाहेब अंगणातच उभे होते.

"आत आहे. दुसरा पेपर देतेय. आता बोलू नका तिच्याशी," ते हळू आवाजात म्हणाले.

"आमचं वायफाय खराब निघालं," धुळाप्पा म्हणाले.

आबासाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं. "खराब नाही. तुम्ही ते कपाटाआड ठेवलंय."

"तुमाला कुणी सांगितलं?"

"तिनंच. पंधरवडा झाला. मी म्हटलं, बापाला सांग, उचलून वर ठेवेल. तर म्हणाली, राहू दे आबा. आज्जाला एकट्याला करमत नाही, म्हणून त्यानं तिथं ठेवलंय. मी घेते जुळवून."

धुळाप्पा पायरीवर बसले. पोरीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिनं अभ्यासाचं नुकसान सोसलं आणि ब्र काढला नाही. त्यांना लाज वाटली. आणि तेवढ्यातही मनात आलं, की हे ती आबासाहेबांना बोलली, मला नाही.

"माझ्याजवळ बोलली न्हाय," ते म्हणाले.

"तुमच्याबद्दलचं तुमच्याजवळ कसं बोलेल?" आबासाहेब म्हणाले आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले.

आरोही बाहेर येईपर्यंत दोघं पायरीवर बसून राहिले. घरी जाताना धुळाप्पा तिला म्हणाले, "पोरी, चुकलं माझं. सांगायचंस की मला."

"तू तरी कुटं सांगितलंस? करमत न्हाय म्हणून?"

त्या रात्री बिरुदेवनं राऊटर पुन्हा मधल्या खोलीत वर चढवला. आरोही मागच्या खोलीत दार लावून बसायला लागली. पण आता जेवणाच्या आधी बाहेर येऊन आज्जाजवळ टेकायची. पाच मिनिटंच, कधी त्याहून कमी. धुळाप्पांना ती कमी वाटायची. काही अडलं की ती अजूनही शेजारी विचारायला जायची, आणि प्रत्येक वेळी धुळाप्पा दारापर्यंत येऊन बघायचे की परत कधी येते. जळणं गेलं नव्हतं, पण आता ते त्याला तोंडातून बाहेर पडू देत नव्हते.

प्रवेश परीक्षेत तिला गुण बरे पडले, फार नाहीत. सांगलीकडच्या एका कॉलेजात फार्मसीला प्रवेश मिळाला आणि ती हॉस्टेलला गेली. घर एकदम रिकामं झालं. कुंपणापलीकडचंही झालं असावं, कारण रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायच्या वेळेला आबासाहेब काही ना काही निमित्त काढून सोप्यात येऊन बसू लागले. धुळाप्पा त्यांना चहा देतात, बसायला खुर्ची देतात. पण मोबाईल वाजला की बिरुदेवच्या हातातून आधी आपण ओढून घेतात.

"थांबा जरा, आबासाहेब," ते म्हणतात. "आधी माझं होऊ द्या."